काचेवरची रेडी

लांबीला तुमच्या मधल्या बोटाएवढी, रुंदीला दीड बोट, आणि जाडी म्हणाल तर नखाहून थोडी जास्त. एवढीशी काच आहे मी. तपासणीच्या खोलीत मला स्लाइड म्हणतात. उजेडासमोर धरलंत तर मधोमध एक जांभळट गुलाबी डाग दिसेल, घेवड्याच्या दाण्याएवढा. ती शाई नव्हे. ती म्हशीची रेडी आहे, चार दिवस जगलेली.

म्हणून बोलायला लागले की माझं मलाच कळत नाही, काच बोलतेय की रेडी. दोघींनाही लिहावाचायला येत नाही. बोली आहे ती आकारामची. त्याच्या बोटांत मी घडले, त्याच्या खिशातून फिरले, म्हणून त्याचंच बोलणं अंगाला लागलं. तो सावकाश बोलायचा. एक वाक्य झालं की तंबाखूची डबी चाचपायचा, मग पुढचं. मीही तसंच सांगेन.

आकाराम शहरातल्या जनावरांच्या एका दवाखान्यामागं, तपासणीच्या खोलीत झाडलोटीला म्हणून लागला होता. शाळेची पायरी तो चढला ती फक्त मतदानाला. पण डॉक्टरांच्या पाठीमागं उभं राहून राहून त्यानं कापायचं यंत्र हाताला बसवून घेतलं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या त्याला वाचता येत नसत. झाकण उघडून नाकाजवळ नेलं की त्याला कळायचं काय आहे ते. आणि आम्हा स्लाइडांना तर तो धनगर मेंढरं ओळखतो तसा ओळखायचा. ही शेळीची, ही गाईची, ही गेल्या पावसाळ्यातल्या बैलाची. डॉक्टर नंबर शोधत बसायचे तोवर हा पेटीतून नेमकी काढून पुढं ठेवायचा.

माझ्यातला हा डाग कसला, तेही सांगते. जनावराच्या अंगात जागोजाग गाठी असतात. मानेखाली, खांद्यापुढं, जांघेत. रोगाच्या नव्हेत, उपजतच्या. डॉक्टर त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. अंगात शिरलेला रोग पुढं जाऊ नये म्हणून त्या वाटेवर बसलेल्या असतात. माझ्यात आहे ती रेडीच्या खांद्यापुढच्या गाठीची एक चकती, इतकी पातळ की तशा दोनशे एकावर एक ठेवल्या तर कुठं एक मिलिमीटर भरावा.

ती चकती काढायला आकारामला दोन दिवस लागले. गाठ आधी फॉर्मॅलिनमध्ये बुडवली, म्हणजे ती नासत नाही. मग एकामागून एक स्पिरिटच्या बाटल्या, मग वितळलेलं मेण. मेण थिजून ठोकळा झाला की यंत्रात बसवून त्यानं चाक फिरवायला घेतलं. श्वास रोखून फिरवायचा तो. पापुद्र्याला पापुद्रा चिकटून फीत निघाली, ती त्यानं कोमट पाण्यावर सोडली. मला अंड्यातला पांढरा बलक चोळून तयार ठेवलेलं होतं. पाण्याखालून मला तिरकं सरकवत त्यानं तो पापुद्रा अलगद माझ्या अंगावर घेतला. तो माझा जन्म. त्याआधी मी नुसती काच होते, कुणीही आरपार बघावं अशी.

मग जांभळा रंग झाला, गुलाबी रंग झाला, वरून पातळ काचेचं पांघरूण आलं. आकारामनं मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि डोळा लावला. त्याला तो दुर्बीणच म्हणायचा. बघितलं आणि त्याचं तोंड उतरलं.

मोठ्या जनावराच्या गाठीत काठाकाठानं गोल गोल दिसतात. बाहेरून गडद, मध्ये फिकट. ते दिसले की काप चांगला आला, असं त्याचं मोजमाप होतं. माझ्यात एकही गोल नव्हता. काठाला नुसती जांभळ्या ठिपक्यांची विरळ गर्दी. त्याला वाटलं हात बिघडला. त्यानं त्याच ठोकळ्यातून आणखी सात काप काढले. सातही तसेच. शेवटी मान खाली घालून तो डॉक्टर दीप्तींच्या टेबलाशी गेला. त्या वर्षभरापूर्वीच तिथं आल्या होत्या, वयानं लहान, याला मामा म्हणायच्या.

“मॅडम, हात बिघडलाय. गोल उठंनात.”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हात नाही बिघडला, मामा. गोल नाहीतच यात.”

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. ते गोल जन्मतः नसतात. जनावर जगात येतं, एकेका रोगाशी गाठ पडते, तसतसे ते उठतात. तिथं रोगाशी लढणारे तयार होतात. चार दिवसांच्या रेडकाकडं ते नसणारच. तोवर त्याला आईच्या अंगातले लढणारे उसने घ्यावे लागतात, आणि म्हशीच्या पोटात असताना ते रेडकाला मिळत नाहीत. मिळतात ते व्याल्यावरच्या पहिल्या दुधातून, चिकातून. तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतड्याची दारं मिटतात, मग बादलीभर पाजलं तरी ते रक्तात उतरत नाहीत. या रेडीच्या नाळेतून रोग शिरला आणि अंगभर पसरला. अडवायला कुणीच नव्हतं.

“हिला चीक वेळेवर पाजला होता का, विचारायला हवं,” दीप्ती म्हणाल्या.

विचारायची गरज नव्हती. तो चीक कुठं गेला हे आकारामला चांगलं ठाऊक होतं. त्याचा वेलदोडा घातलेला खरवस झाला होता आणि त्यातला वाटीभर त्यानंच खाल्ला होता.

आता झुंबरबाईंचं सांगायला हवं. कसबा बावड्याच्या कडेला, उसाच्या रानाला लागून त्यांचा गोठा. आकाराम त्याच गल्लीतला, त्या त्याला भावजी म्हणायच्या आणि हा त्यांना वैनी. बाई हातानं सैल. कुणाच्या घरी बाळंतीण असो, पाव्हणा असो, दुधाचा तांब्या सांगायच्या आधी पोचायचा. त्यांची शेवंता नावाची म्हैस व्याली की गल्लीतली भांडी कट्ट्यावर रांगेनं येऊन बसत. कुणाचं पातेलं कुठं चेपलंय हे बाईंना पाठ होतं. पहिली धार देवाला, मग गल्लीला. झुंबरबाईंच्या घरचा चीक म्हणजे दाट, खरवस सुरीनं कापावा लागे. त्यांचा तो मान होता.

आणि सासूनं घालून दिलेला एक नेम होता. म्हैस व्याल्यावर जार, म्हणजे वार, पडते, ती पडल्याशिवाय रेडकाला आचळाला लावायचं नाही. आधी पाजलं तर रेडकाला हगवण लागते. जार कधी दोन तासांत पडते, कधी संध्याकाळ होते. तोवर रेडकू बाजूला बांधलेलं, कास ताठलेली, मग कास मोकळी करायला चीक काढायचा, आणि भांडी तर समोर मांडलेलीच. रेडकाच्या तोंडी लागायचं ते उरलंसुरलं, उशिरानं.

शेवंताची अलीकडची लागोपाठ दोन रेडकं चौथ्या-पाचव्या दिवशी गेली. बाईंनी नजर लागली म्हणून दारात बिब्बा बांधला, गोठ्याची दिशा बदलली. तिसरी झाली रेडी, कपाळावर पांढरा टिकला असलेली. तीही चौथ्या दिवशी पडून राहिली आणि दुपारी गेली. तेव्हा आकारामच म्हणाला होता, वैनी, ही पुरू नका, आमच्याकडं तपासायला द्या. बाईंनी दिली. अशी मी झाले.

दीप्ती स्वतः गोठ्यावर जाऊन बाईंना सांगून आल्या. सांगण्यात काही चूक नव्हती, पण बाईंच्या कानाला ते भलतंच लागलं. म्हंजे माझ्या रेडकाला मीच मारलं म्हनायचं व्हय, असं त्या म्हणाल्या आणि चहाही न विचारता आत निघून गेल्या. त्या घरातून चहाशिवाय परत आलेलं माणूस गल्लीनं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं असेल.

शेवंता पुन्हा गाभण राहिली. तिचं वय होत आलं होतं, ही शेवटचीच खेप असं सगळे म्हणत. पोटात असलेलं रेडकू जगतं की जातं, हे आता एका नेमावर होतं, आणि तो नेम मोडायला सांगणार कोण? आकाराम रोज त्या गोठ्यावरून जायचा. रोज ठरवायचा, आज बोलू. चार गोष्टी उसाच्या बोलायचा, पाण्याच्या बोलायचा, नि घरी जायचा. सकाळी कामावर आला की पेटीतून मला काढून पुसायचा. मी पुसलेलीच असायचे.

नववा महिना लागला तेव्हा त्याला एक वाट सुचली. तो बाईंना एवढंच म्हणाला, “वैनी, तुमची रेडी आमच्यात हाय अजून. बघायची का?”

बाई त्याच्याकडं बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसून त्या दवाखान्यात हजर. खोलीत पाऊल टाकल्यावर त्यांनी आधी कोपरे बघितले, रेडी कुठं उभी आहे का म्हणून. आकारामनं मला तळहातावर घेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, एवढीच? मग पदरानं तोंड पुसून स्टुलावर बसल्या.

आधी त्यानं मला नाही, मोठ्या म्हशीची स्लाइड लावली. बाईंना पहिल्यांदा काहीतरी काळं हलताना दिसलं.

“केसं हायत की नुसती.”

“तुमच्याच पापण्या त्या, वैनी. डोळा जरा मागं घ्या.”

त्यांनी घेतला. “आगं बया,” त्या म्हणाल्या, “ताटात पुऱ्या मांडल्यागत दिसतंय.”

आकारामनं सांगितलं की ते मोठ्या म्हशीच्या गाठीतले गोल, आणि त्यातला एकेक गोल म्हणजे एकेक तालीम. रोगाशी झोंबायला पैलवान तिथं तयार होतात. एवढं सांगून त्यानं ती स्लाइड काढली आणि मला ठेवलं. बाईंनी डोळा लावला. खालून उजेड माझ्यातून वर गेला, त्यांच्या डोळ्यात. त्या बघत राहिल्या. इकडून तिकडं शोधत राहिल्या.

“हितं काय बी न्हाय.”

“न्हाय,” आकाराम म्हणाला. “चार दिसात तालीम हुभी ऱ्हात न्हाय, वैनी. तवर आईचं पैलवान लागत्यात. ते चिकातनं येत्यात. जार पडायची वाट बघत बसलं की त्यांची येळ टळती.”

बाईंनी डोळा काढला नाही. भिंगावर वाफ धरली होती, त्यांना काही दिसत नसणार, तरी त्या तशाच वाकून बसल्या होत्या.

“म्हंजे ते समदं मी वाटलं,” त्या म्हणाल्या.

आकारामनं डबी चाचपली, पण उघडली नाही. “मीबी खाल्लं की. हिच्याच वाटनीचं. दुसऱ्यांदा मागून घेतलंतं.”

दीप्ती दारात आल्या होत्या, त्या तशाच मागं फिरल्या. जाताना झुंबरबाईंनी मला हातात घेतलं, कडेनं धरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी कडेनंच धरलं. परत देताना म्हणाल्या, हिला टाकू नका.

शेवंता व्याली ती एका सकाळी, ऊन चढताना. बाईंनी आकारामला बोलावणं पाठवलं आणि निरोपात सांगितलं, काच घेऊन या. दीप्तींनी मला कागदात गुंडाळून त्याच्या खिशात ठेवलं. सायकलवरून जाताना खड्ड्यात माझा एक कोपरा टवकला, तो अजून तसाच आहे.

गोठ्यावर पोचलो, आकारामनं मला कागदातून काढलं, तेव्हा कट्ट्यावर भांडी बसली होती. चेपलेलं पातेलं, पितळी डबा, कडीचा गडवा, सगळी. रेडकू पुन्हा रेडीच होती, ओली, थरथरत उभी राहायला बघणारी. जार पडली नव्हती. झुंबरबाईंनी रेडीच्या गळ्यात हात घातला आणि माझ्या देखत तिला आईपासून लांब ओढलं. चाळीस वर्षांची हाताची सवय. ओढून दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“काच द्या,” त्या म्हणाल्या.

त्यांनी मला उन्हासमोर धरलं. उघड्या डोळ्यांना माझ्यात डागाखेरीज काही दिसत नाही. त्यांनी तो डाग बघितला, मला आकारामच्या हातात दिलं आणि रेडीला पुन्हा म्हशीकडं वळवलं.

“झुंबराक्का, जार पडू दे की आधी,” कट्ट्यावरून शेजारच्या मीनाबाई म्हणाल्या. “आन् औंदा रेडकूच समदं प्यालं तर आमी काय भांडी घासायला आणल्यात व्हय?”

एकदोघी हसल्या. झुंबरबाई हसल्या नाहीत. रेडीला आचळ सापडत नव्हतं, त्या तिच्या ओठांवर धार सोडत होत्या. तोंड न वळवता म्हणाल्या, “मीनाबाई, तीन रेडकं मी वाट्यावाट्यानं वाटली. तुमी ग्वाड म्हनून खाल्ली. आता चौथं न्हाय वाटनार.”

झुंबरबाईंच्या दारातून रिकामं भांडं परत जाणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत सांगावं लागत नव्हतं, आणि बाईंच्या मानेवरच्या शिरा बघितल्या तर कळत होतं की सर्वांत जड त्यांनाच जातंय. रेडीचे मागचे पाय सारखे घसरत होते. तेव्हा मीनाबाई उठल्या. पदर खोचला, गोठ्यात शिरल्या आणि रेडीच्या मागं बसून तिला गुडघ्याचा टेकू दिला. “पाज,” एवढंच म्हणाल्या.

रेडीला आचळ सापडलं. तो आवाज मी ऐकला. चपाचप, ओलसर, घाईघाईचा. माझ्यातल्या रेडीनं तो आवाज कधी काढला नव्हता. जन्मापासून दोन तासांच्या आत तिच्या धाकट्या बहिणीचं पोट नगाऱ्यासारखं झालं. जार पडली ती दुपारी तीनला.

पुढचे दिवस गल्लीनं नुसती वाट बघितली. चौथा दिवस उजाडला तेव्हा आकाराम कामावर आलाच नाही, गोठ्यातच बसून होता. पाचव्या दिवशी आला. मला पेटीतून काढलं, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “दावं तोडून पळाली सकाळी. मीनाबाईच्या वाळवणात शिरली.” एवढा खूश मी त्याला नंतर कधी बघितला नाही.

त्यानंतर माझे दिवस बरे गेले. दीप्ती मला घेऊन गावोगावच्या दूध संस्थांत जात, कधी पार शाहूवाडीच्या डोंगरातही. सूक्ष्मदर्शक टेबलावर, आधी मोठ्या म्हशीची स्लाइड, मग मी. बरोबर कधी कधी झुंबरबाई असत. त्या भाषण करत नसत. लोकांना स्टुलावर बसवत, पापण्या मागं घ्यायला सांगत, आणि लोक म्हणाले की हितं तर काहीच नाही, तर त्या म्हणत, माझीच हाय ती. लोक त्यानंतर जास्त काही विचारत नसत. खरवस सोडायला मात्र त्या कुणाला सांगत नसत. रेडकू पोटभर प्यालं की म्हशीकडं पुष्कळ उरतं, असं त्या बजावून सांगत, आणि उरलेल्यात भांडी भरायला हरकत नाही म्हणत.

आकारामनं मात्र खरवस सोडला होता. कुणी दिला तरी हातात घेऊन दुसऱ्याला द्यायचा. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी खोलीत हार-नारळ झाला, कुणी दोन शब्द बोललं, आणि शेवटी झुंबरबाई डबा घेऊन आल्या. त्या वाचलेल्या रेडीची आता म्हैस झाली होती, आणि ती तिसऱ्यांदा व्याली होती. बाईंनी वाटी त्याच्या पुढं धरली. तो नको म्हणाला.

“रेडकू प्यालंय,” त्या म्हणाल्या. “दोनदा प्यालंय. मग काढलाय. खावा, भावजी.”

त्यानं वाटी घेतली. पेटीकडं आला, मला काढलं, उजेडात धरलं. ओठ हलले, पण काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मग मला वाटीशेजारी ठेवून तो खिडकीपाशी बसून सावकाश खात राहिला. वाटी चाटूनपुसून संपवली. जाताना मला पेटीत ठेवायचं विसरून गेला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी उचलून ठेवलं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. आकाराम गुडघ्यांमुळं शहरात येत नाही. नवी पोरं हुशार आहेत. गाठींची चित्रं त्यांच्या संगणकावर असतात, बोटानं मोठी करून बघतात, आणि ती चित्रं माझ्याहून कितीतरी स्वच्छ आहेत हे मला मान्य आहे. माझा गुलाबी रंग जवळजवळ गेला. जांभळाही उडतोय. पांघरुणाच्या काचेखाली एका बाजूनं हवा शिरलीय. उन्हाळ्यात जुन्या पेट्या काढून टाकायच्या आहेत असं परवा बोलणं चाललं होतं. टाकतील. झुंबरबाईंचं ‘हिला टाकू नका’ ऐकलेले लोक आता इथं नाहीत, त्यांना दोष कसा देऊ?

माझं मागणं थोडकं आहे. तुमच्या गोठ्यात म्हैस व्याली, गाय व्याली, तर जार पडायची वाट बघत बसू नका. आधी पाजा. पोट टम्म होऊ द्या. मग खुशाल भांडी मांडा, वेलदोडा घाला, गल्लीला वाटा, आकारामलाही वाटीभर पाठवा. तुम्ही खाताना माझी आठवण काढून घास अडवायचं कारण नाही. माझ्यातली रेडी चारच दिवस जगली. कुणावर राग धरायचा असतो, हे शिकण्याएवढा वेळ तिला मिळालाच नाही.